दारू सुटल्यावर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं कसं थांबवायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एकोणीस वर्षं काढली. कास्टिंग (वाळूच्या साच्यात धातू ओतून केलेला भाग) बाहेरून गुळगुळीत दिसतं, मशीन शॉपला जातं, पहिला कट लागतो आणि आत पोकळी निघते. ब्लो होल. मशीनवाला बोंब मारतो, पण चूक मशीनवर झालेलीच नसते. वाळूत ओल जास्त राहिलेली असते, नाहीतर वायूला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. जे व्हायचं ते मोल्डिंगला, म्हणजे साचा करतानाच झालेलं असतं, मशीनवर फक्त उघडं पडतं.

सात महिने आणि चार दिवस मी कोरडा होतो. त्याच आठवड्यात मला शिफ्ट सुपरवायझर केलं. पगार वाढला, आईनं अंबाबाईची ओटी भरली, शेजारी पेढे वाटले. आणि गुरुवारी रात्री पावणेदहाला मी रंकाळ्याच्या बाजूला एका परमिट रूममध्ये बसून क्वार्टर संपवत होतो. दुःख नव्हतं, भांडण नव्हतं, कुणी आग्रहही केला नव्हता. आयुष्यात बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं होतं आणि ते मी स्वतःच्या हातानं मोडत होतो.

हा लेख त्या आतल्या ओलीबद्दल आहे. दारू थांबली आहे, शरीर सावरलंय, आणि तरीही आपणच आपल्या वाटेत खड्डा खणतोय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी, अजून पीत असाल तर

रोजची आणि भरपूर सवय असेल तर घरात दार लावून एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, ताप, माणूस-ठिकाण न ओळखणं असं सुरू झालं तर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात हे दिवस औषधांवर नीट निघतात. बी-१ जीवनसत्त्वही तिथं देतात, कारण दारूनं ते कमी झालेलं असतं आणि त्यानं मेंदूला इजा होते.

घरच्यांसाठी एक. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात, त्यांच्या नादी लागू नका. डायसल्फिरामची गोळी आमटीत कालवून देणारी घरं मी पाहिली आहेत. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं, तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो दारू पिणारच. ही गोळी डॉक्टरांनी द्यायची आणि रुग्णानं जाणून घ्यायची.

पायरी १: उलटी नोंद लिहा

कास्टिंग रिजेक्ट झालं की आम्ही मागे मागे जातो. तेच स्वतःच्या बाबतीत करा. प्यायला असाल तर त्या रात्रीपासून, आणि प्यायला नसाल पण पिण्याच्या अगदी दाराशी जाऊन आला असाल तर तिथपासून. एक साधी वही घ्या. वेळ, काय केलं, आणि त्या वेळी स्वतःला काय कारण दिलं, एवढंच लिहायचं. माझ्या वहीतलं पान असं आहे:

गुरुवार, रात्री ९:०५. आत शिरलो. कारण: चिकन ६५ इथंच चांगलं मिळतं.
८:४०. गाडी रंकाळ्याकडे वळवली. कारण: डोकं शांत करायला तळ्यावर एक चक्कर.
६:००. डबा उघडला नाही. कारण: काम होतं.
बुधवार. बायकोला सांगितलं, उद्या ओव्हरटाइम आहे. (नव्हता.)
मंगळवार. मीटिंगला गेलो नाही. कारण: आता सुपरवायझर झालो, ओळखीचं कुणी बघितलं तर?
सोमवार. जुन्या दोस्ताचा नंबर अनब्लॉक केला. कारण: पेढे द्यायचे होते.

मीटिंग म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची बैठक, तिच्याबद्दल पुढे येईलच. मी राहतो कसबा बावड्याला. शिरोलीहून बावड्याला येताना रंकाळा कुठूनच वाटेत येत नाही, तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ते मला लिहिल्यावर दिसलं.

आणि ती बुधवारची ओळ बघा. देवाशप्पथ सांगतो, बायकोशी बोलताना माझ्या डोक्यात दारूचा विचारही नव्हता. तरी खोटं तयार होतं, दीड दिवस आधी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसन परत का लागतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. अशा पावलांना त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'वरवर असंबद्ध वाटणारे निर्णय'. प्रत्येक पाऊल सुटं बघितलं तर निरुपद्रवी. ओळीत लावलं की रस्ता थेट काउंटरपर्यंत.

नोंद मागे कुठवर न्यायची? जिथं परत फिरायला काहीच कष्ट पडले नसते तिथवर. टेबलावर बसल्यावर उठणं जवळजवळ अशक्य होतं. रंकाळ्याच्या वळणावर अवघड होतं. सोमवारी नंबर अनब्लॉक न करणं म्हणजे अंगठा न हलवणं, बास. राखण तिथं ठेवायची. बहुतेक लोक सगळी ताकद टेबलावरच्या क्षणासाठी राखून ठेवतात आणि मग 'माझ्यात इच्छाशक्तीच नाही' म्हणून रडतात. मीही तेच केलं.

पायरी २: आपली खोडी कुठली, ते ओळखा

चांगलं झालं की मोडायचं, ही माझी खोडी. ती विचित्र वाटली तरी दुर्मीळ नाही. १९७८ मध्ये स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही जणांना सुटणारी कोडी दिली, काहींना मुळात उत्तरच नसलेली. नंतर सगळ्यांनाच सांगितलं, तुम्ही उत्तम केलंत. दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधांमधून निवड करायची होती: एक बुद्धी तल्लख करणारं, एक मंद करणारं, असं त्यांना सांगितलं होतं. ज्यांना आपलं यश कशामुळे आलं हे कळलंच नव्हतं, त्यांच्यातल्या मुलांनी मंद करणारं औषध जास्त निवडलं. म्हणजे पुढे आपटलो तर 'औषधामुळे' म्हणता येतं, आणि कौतुकाला धक्का लागत नाही.

हे वाचलं तेव्हा मला सुपरवायझरचं पत्र आठवलं. मला खरंच वाटत होतं की साहेबांची काहीतरी गफलत झालीय. महिनाभरात आपलं पितळ उघडं पडणार. मग त्याआधी दारूनं पाडलं तर निदान 'पोरगा हुशार होता, दारूनं वाया गेला' असं तरी म्हणतील. आमच्याकडे हे वाक्य जवळजवळ कौतुकानं म्हणतात, हीसुद्धा गंमतच.

मीटिंगमध्ये इतकी वर्षं बसून आणखी काही खोड्या ओळखीच्या झाल्या. एक जण भांडण शोधतो. आमटीत मीठ जास्त, पोरानं टीव्ही मोठा लावला, काहीही चालतं. खरा हेतू असतो रागानं दार आपटून बाहेर पडायचा, कारण रागानं बाहेर पडलेल्या माणसाला जायला जागा लागतेच. दुसरा परीक्षा घेतो: कपाटात बाटली ठेवतो, 'बघू, हात लागतो का.' लागतोच, कधीतरी. तिसरा एकदम सगळं सुधारायला घेतो: पहाटेची तालीम, नवं कर्ज, जोडधंदा, पोराची शिकवणी, सगळं एकाच महिन्यात. दीड महिन्यानं थकून पडतो आणि म्हणतो, आपल्याला जमतच नाही. चौथा बरा झाला म्हणून मीटिंग आणि औषध दोन्ही सोडतो.

आणि एक खास आपल्याकडची, तारीख ठरवून सोडणारा. गटारीला मनसोक्त, मग श्रावण पाळायचा, गणपती बुडले की परत. 'बघा, महिना-दीड महिना राहतो की नाही?' हा त्याचा पुरावा. मी स्वतः दोनदा माळ घातली आणि दोन्ही वेळा ती खुंटीला टांगून गेलो. माळेची चूक नाही, माळेवर आयुष्यभर तरलेली माणसं मी पाहिली आहेत. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून शेवटचा दिवस ठरलेला होता.

तुमची खोडी वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहा. दोन असतील तर दोन. पाच निघाल्या तर तिसऱ्या प्रकारात तुम्ही आहात, एकच निवडा.

पायरी ३: उत्तर आधी ठरवा

'मी आता सांभाळून राहीन' हा बेत नाही. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं नेमकं ठरवलं की ते हातून घडण्याची शक्यता वाढते. ऐन वेळी डोकं चालवावं लागत नाही. माझी तीन वाक्यं:

पगार किंवा बोनस झाला, तर त्याच दिवशी ड्यूटी सुटायच्या आत पैसे बायकोच्या खात्यावर जातील.
काही चांगलं घडलं, तर त्याच संध्याकाळी मीटिंगला जाईन आणि तिथं ते मोठ्यानं सांगेन.
घरी खोटं बोललो असं लक्षात आलं, कितीही बारीक असलं, तर तासाभरात खरं सांगेन.

तिसरं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कामाचं.

आता आग्रहाबद्दल. लग्नाची वरात, गावची जत्रा, कंपनीची पार्टी, कुठंही कारण देऊ नका. कारणाला उत्तर असतं. 'गोळ्या चालू आहेत' म्हटलं की 'कधी संपतात?' 'गाडी चालवायचीय' म्हटलं की 'माझा पोरगा सोडतोय की.' 'श्रावण आहे' म्हटलं की पुढची तारीखच ठरते. 'मी घेत नाही' एवढं म्हणा आणि हातात ताबडतोब दुसरं काहीतरी धरा, सोलकढी, सोडा, काहीही. रिकामा हात लोकांना बघवत नाही. माझ्या जुन्या दोस्तानं सुनावलं होतं, "सुपरवायझर झालास आणि कोरडंच व्हय रं?" मी म्हणालो, "मी घेत नाही." तीनदा म्हणावं लागलं. चौथ्यांदा त्यानं विषय बदलून उसाच्या दराचा काढला.

पहिल्या वर्षी मात्र काही ठिकाणी जाऊच नका. चुलत मेहुण्याच्या हळदीला गेलो नाही म्हणून बायकोच्या माहेरचे रुसले. रुसू देत.

पायरी ४: संध्याकाळ

साडेसहा ते साडेआठ. ज्यांनी प्यायली आहे त्यांना या दोन तासांबद्दल जास्त सांगायला नको.

दारूची ओढ लाटेसारखी असते, चढते आणि उतरते. आपण तिच्या मागे धावलो नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरतो. मार्लाट यांनी हीच लाटेची उपमा वापरून एक रीत शिकवली: ओढीशी कुस्ती खेळायची नाही, ती अंगात कुठं आहे ते बघायचं. माझी घशात सुरू होते, मग जबड्यात येते. घड्याळ बघून वहीत लिहायचं, ७:१०, घसा. ७:२०, जबडा, दहापैकी आठ. ७:३५, पाच. दोन-तीन आठवडे असं लिहिलं की आपल्याच हस्ताक्षरात पुरावा जमा होतो की ती उतरते.

त्याआधी मात्र चार गोष्टी तपासा. इंग्रजीत त्याला 'हॉल्ट' म्हणतात, आपल्यासाठी भूक, राग, एकटेपणा, थकवा. मला कुणी विचारलं, या अख्ख्या लेखातलं एकच काय करू, तर मी सांगेन, सहा वाजता काहीतरी खा. भडंग, शेंगदाणे-गूळ, केळं, शिळी भाकरी-चटणी. कित्येक दिवस जिला मी आत्म्याची तळमळ समजत होतो ती रिकाम्या पोटाची आग निघाली. सुरुवातीच्या महिन्यांत गोडाची हाव सुटते, झोप तुटक लागते, त्यानं घाबरू नका. मधुमेह असेल तर गुळाऐवजी फुटाणे.

एकटेपणावर खाणं चालत नाही, तिथं माणूसच लागतो. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल डब्ल्यू. नावाचा एक शेअर दलाल धंद्यातला सौदा फिसकटून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून पाचएक महिने झाले होते. एका बाजूनं बारमधला गलका ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. तो फोनकडे वळला आणि शोधत शोधत डॉ. बॉब या दुसऱ्या पिणाऱ्या माणसापर्यंत पोचला. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., हा दारू सोडणाऱ्यांचा गट उभा राहिला. त्याच्या मीटिंगा महाराष्ट्रात मराठीत चालतात. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. देवाधर्माची भाषा तुम्हाला पटत नसेल तर मागच्या खुर्चीवर बसून फक्त ऐका. मी दीड वर्ष तेच केलं.

पायरी ५: घर

इथं आमच्यातले बरेच जण घसरतात, आणि दोष घरच्यांवर टाकतात.

मी परत सुरळीत झाल्यावर सहा-सात महिने बायको मी आलो की दारातच पाण्याचा तांब्या द्यायला पुढे यायची. पाणी हे निमित्त, वास घ्यायचा असायचा. मला कळायचं आणि डोकं सणकायचं. 'इतकं करून विश्वास नाही, मग पितोच की!' हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत यायचं. हीच ती खोडी, शहाण्या माणसाचा सदरा घालून आलेली. बारा वर्षं मी तिला खोटं बोललो होतो आणि सात महिन्यांत विश्वासाचं प्रमाणपत्र मागत होतो.

करायचं काय? त्या वासाला हरकत घ्यायची नाही. उलट वेळेवर घरी या, उशीर होणार असेल तर आधी कळवा, कुठं आहात ते विचारायच्या आत सांगा. माफी मागायची असेल तर भरल्या डोळ्यांचं भाषण नको, तसली भाषणं त्यांनी प्यायलेल्या तोंडून भरपूर ऐकलीत. नुकसान भरून द्या. मी बायकोचं गहाण पडलेलं डोरलं अकरा महिन्यांत सोडवलं. दारू, चकणा, गुटखा, रिक्षा मिळून महिन्याला साडेसहा-सात हजार जात होते. ते पतसंस्थेच्या आवर्ती ठेवीत घातले. पासबुक टीव्हीशेजारी उघडं असायचं. त्या पासबुकानं माझ्यापेक्षा जास्त काम केलं. ए.ए.च्या बारा पायऱ्यांतली नववी हीच सांगते, फक्त एक सावधगिरी घालून: ज्या भरपाईनं समोरच्याला किंवा आणखी कुणाला इजा होईल ती करू नये.

घरच्यांनाही त्यांचं दुखणं बोलायला जागा लागते. त्यांच्यासाठी ॲल-ॲनॉन हा गट आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत, जे १९८६ पासून हे काम करतंय, कुटुंबाशीही बोलतात.

पायरी ६: वाढ, पण एका वेळी एक

दारूनं आठवड्याचे वीसेक तास खाल्लेले असतात. ते मोकळे झाल्यावर भीती वाटते, आणि त्या भीतीपोटी माणूस एकदम दहा गोष्टी अंगावर घेतो. एक घ्या. ती अशी असावी की तीन महिन्यांनी हातात काहीतरी दिसेल. मी कास्टिंगचं ड्रॉइंग वाचायला नीट शिकलो, कारण सुपरवायझर होऊनही मला ते पुरतं येत नव्हतं आणि ते लपवण्यात माझी निम्मी शक्ती जात होती. पंचवीस वर्षांच्या डिप्लोमावाल्या पोराला म्हणालो, 'मला शिकव.' तो क्षण दारू सोडण्याइतकाच अवघड होता. पण त्यानंतर पितळ उघडं पडायची भीती निम्म्यावर आली, पडायला पितळच कमी उरलं.

पायरी ७: घसरलात तर

गुरुवारची ती एक क्वार्टर, १८० मिली. तेवढ्यावर थांबलं असतं तर डॉक्टरांना सांगण्यापलीकडे फार काही बिघडलं नसतं. पण शुक्रवारी सकाळी मी स्वतःला म्हणालो, सात महिने पाण्यात गेले, आता काय राहिलं? आणि त्या वाक्यावर बारा दिवस प्यायलो. क्वार्टरनं जेवढं केलं नाही तेवढं त्या लाजेनं केलं. मार्लाट यांनी याचाही अभ्यास केला होता: नियम एकदा मोडला की माणूस 'मी मुळातच असला' असं ठरवतो आणि मग सगळंच सोडून देतो.

म्हणून शुद्धीत असतानाच पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. माझ्या चिठ्ठीवर तीन ओळी आहेत. आहेस तिथून उठ. घरी खरं सांग. याला फोन कर, आणि पुढे एका माणसाचा नंबर. माणूस नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर १४४१६, टेलिमानस, मराठीत बोलतात. सलग काही दिवस प्यायला असाल तर वर सांगितलेला फिटचा धोका परत लागू होतो, थेट दवाखाना गाठा.

त्या वेळी माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. तेराव्या दिवशी मी मीटिंगमधल्या एका वयस्कर माणसाला फोन केला. शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती, निदान एक सुस्कारा तरी.

"जेवलास काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग आधी जेव. वहिनींना संगट घेऊन दवाखान्यात जा, आणि जमलं तर साडेसातला मीटिंगला ये. मी चौकात थांबतो."